आय-वुईला शॅल, बाकीच्यांना विल

गणितात अनंतासाठी आपण आडवा आठ काढतो. ते चिन्ह १६५५ साली जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या भूमितीच्या प्राध्यापकानं वापरात आणलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६५३ मध्ये, याच गृहस्थानं इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं होतं, तेही लॅटिनमधून. त्यात भविष्यकाळाचा एक नियम होता. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी तो घोकला आहे: 'आय' आणि 'वुई' आले की 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'.

लॅटिनमधून अशासाठी, की पुस्तक इंग्रजांकरता नव्हतंच. इंग्रजी धर्मग्रंथ मुळातून वाचू पाहणाऱ्या युरोपीय विद्वानांसाठी ते होतं. वॉलिस या बाबतीत पहिला नव्हे. १६२२ मध्ये जॉर्ज मेसन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानं फ्रेंचांना इंग्रजी शिकवायला फ्रेंचमधून एक व्याकरण काढलं होतं, त्यातही या नियमाची सुरुवात दिसते. म्हणजे शॅल-विलचा नियम जन्मला तो परक्यांच्या सोयीसाठी. घरच्या माणसांना त्याची गरज आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

वॉलिसचा नियम दुहेरी होता. स्वतःबद्दल बोलताना 'शॅल' म्हणजे नुसतं पुढचं सांगणं आणि 'विल' म्हणजे वचन, नाहीतर धमकी. समोरच्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलताना नेमकं उलट: 'विल' म्हणजे नुसतं सांगणं, 'शॅल' म्हणजे वचन किंवा धमकी. 'यू शॅल गो' म्हटलं की तुम्हाला जावंच लागेल.

हे असं आडवंतिडवं का? त्यासाठी आणखी मागं जावं लागतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं. वर्तमानकाळावर भागायचं, आपण 'उद्या पुण्याला जातो' म्हणतो तसं. 'शॅल' हे तेव्हा चांगलं स्वतंत्र अर्थाचं क्रियापद होतं: देणं लागणं, बांधील असणं. जर्मनमध्ये कर्जाला आणि अपराधाला मिळून 'शुल्ड' हा एकच शब्द आहे, तो याच कुळातला. 'विल' म्हणजे इच्छा असणं. देणं असो वा इच्छा, दोन्ही गोष्टी अजून घडायच्या असतात. त्यामुळे हळूहळू दोघांच्याही मूळ अर्थाचा रंग उडाला आणि भविष्यकाळाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. चौदाव्या शतकात विक्लिफच्या मंडळींनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा लॅटिनमधल्या भविष्यकाळासाठी त्यांनी 'शॅल' ठरवून टाकलं आणि 'विल' इच्छेपुरतं राखलं. धर्मग्रंथाचं आणि शाळेचं वजन 'शॅल'कडे गेलं. बोलण्यात 'विल' वाढत राहिलं.

एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांनी वॉलिसच्या नियमामागे शिष्टाचार शोधला. स्वतःबद्दल 'माझी इच्छा आहे' असं म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून माणूस आपल्याकडे बंधन घेतो. दुसऱ्याला 'तू बांधील आहेस' म्हणणं त्याहून उद्धट, म्हणून त्याला इच्छा बहाल करतो. उपपत्ती गोड आहे. पण माणसं इतका विचार करून सहायक क्रियापद निवडतात यावर माझा विश्वास बसत नाही.

परक्यांसाठीचा हा नियम घरच्यांच्या मानगुटीवर बसला तो अठराव्या शतकात. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी इंग्रजांसाठी इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणात तो घेतला. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले. १७९५ मध्ये लिंडली मरे यांचं व्याकरण आलं. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेले. गावातल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी पुस्तक बेतलं आणि त्यात लाउथचा बराच माल उचलला. ते लाखोंनी खपलं. आता 'शॅल' चुकणं हे घराण्याचं आणि गावाचं उणं ठरू लागलं. पाण्यात पडलेल्या आयरिश माणसाचा किस्सा याच वातावरणातला. तो ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे सभ्य इंग्रज नियमाप्रमाणे अर्थ लावतात (मी बुडणारच, मला कुणी वाचवायचं नाही) आणि त्याच्या इच्छेचा मान राखून स्वस्थ उभे राहतात. यात हसू आयरिश माणसाचं व्हावं अशी अपेक्षा होती. मला ते काठावरच्यांचं वाटतं.

आयरिश, स्कॉटिश आणि अमेरिकन लोक सर्रास 'आय विल' म्हणत. भांडण इतकं पेटलं की १८५६ मध्ये सर एडमंड हेड यांनी फक्त 'शॅल' आणि 'विल' या दोन शब्दांवर पुस्तक लिहिलं. हे हेडसाहेब त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते; वसाहतीच्या कारभारातून एवढी सवड मिळत असावी. १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये याच विषयाला पानंच्या पानं दिली आणि वर कबुलीही दिली: दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येतं आणि इतरांना बहुधा येणारच नाही. ज्याला येतं त्याला पुस्तक नको, ज्याला हवं त्याला उपयोग नाही.

शेवटी कुणीतरी मोजायला बसलं. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी जुनी व्याकरणं तपासली आणि सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटकं चाळून त्यातले 'शॅल' आणि 'विल' मोजले. १९२५ मध्ये निष्कर्ष छापला: व्याकरणात सांगितलेला नियम आणि लोकांची वापरातली भाषा यांचा मेळ बसत नाही. पात्रं प्रथम पुरुषातही 'विल'च जास्त बोलत होती.

आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९३५ च्या सुमारास, मुंबईत के. अँड जे. कूपर यांच्याकडून 'रेन अँड मार्टिन' बाहेर पडलं. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, कराचीत हेडमास्तरकी केलेले. परदेशी सैन्यदलातल्या साहसांवरची त्यांची 'बो जेस्ट' कादंबरी १९२४ साली गाजली होती. त्यांचं आणि एच. मार्टिन यांचं हे व्याकरण आपल्याकडे इतकं रुजलं की लेखकांची नावं हेच पुस्तकाचं नाव झालं. वॉलिस-लाउथ-मरे या परंपरेतला शॅल-विलचा तक्ता त्यात सुखरूप पोहोचला. पुढच्या सुधारित आवृत्तीत आता सर्व पुरुषांत 'विल' चालतं अशी नोंद आली. पण तोवर तक्ता फळ्यावर, गाईडात आणि 'चेंज द टेन्स'च्या एका मार्काच्या प्रश्नात मुरला होता. मूळ नियमाचा उलटा अर्धा भाग, तो वचनाचा आणि धमकीचा, बहुतेक वर्गांत गळाला. उरली ती नुसती जोडी: आय-वुईला शॅल. वॉलिसला हे अर्धवट रूप अपुरं वाटलं असतं.

खुद्द इंग्लंडात 'शॅल' ओसरतंय. १९६१ आणि १९९१ च्या छापील ब्रिटिश इंग्रजीचे प्रत्येकी दहा लाख शब्दांचे दोन संग्रह आहेत. पहिल्यात 'शॅल' ३५५ वेळा येतं, दुसऱ्यात २०० वेळा. बोलण्यात तर दोन्ही शब्दांची छाटणी होऊन 'आयल', 'वील' एवढंच कानावर पडतं, म्हणजे नियम पाळला की मोडला हे कळायचीही सोय नाही.

जिथं 'शॅल' अजून ठाण मांडून आहे ती जागा म्हणजे कायदा. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत ते पानोपानी भेटतं आणि तिथं भविष्याचा संबंध नसतो. ते आज्ञेचं, तृतीय पुरुषातलं 'शॅल' असतं. तरी तेही नेहमी सक्तीचं नसतं. अनुच्छेद ३२० मध्ये शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शॅल' घेतला जावा असं आहे. असा सल्ला न घेता झालेली कारवाई रद्द ठरते का, हा प्रश्न मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ठरत नाही. इथलं 'शॅल' मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. ब्रिटनमध्ये कायदे लिहिणारे आता हा शब्दच टाळतात आणि सक्तीला सरळ 'मस्ट' म्हणतात.

शिकणाऱ्यानं 'शॅल' टाकून द्यावं का? एका ठिकाणी टाकता येत नाही, आणि ते ठिकाण तक्त्यात क्वचितच असायचं: प्रश्न, तोही फक्त 'आय' आणि 'वुई'चा. 'शॅल आय ओपन द विंडो?' इथं 'विल' घातलं तर मी खिडकी उघडेन की नाही याचं भाकीत समोरच्याकडे मागितल्यासारखं होतं. मराठी मुलाला हे समजवायला व्याकरणाची परिभाषा लागत नाही. 'खिडकी उघडू का?', 'जाऊ या का?' असं तो घरात दिवसातून दहादा विचारतो, आणि त्या 'उघडू'ला 'उघडेन' म्हणायचं नसतं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.