पायरीपायरीने गणित सोडवण्याच्या रीतीची कुळकथा

दिलेली माहिती आधी मांडायची, अज्ञात राशीला अक्षर द्यायचे, समीकरण सोडवायचे आणि शेवटी ताळा करून पाहायचा, ही शालेय गणिताची शिस्त फार जुन्या कुळातली आहे. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली सापडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीत उदाहरणामागून आकड्यांची मांडणी म्हणजे ‘स्थापना’, मग आकडेमोड म्हणजे ‘करण’ आणि अखेरीस पडताळा म्हणजे ‘प्रत्यय’ असा क्रम दिसतो. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये त्रैराशिकाचा, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याचा नियम सूत्ररूपाने सांगितला: ‘फला’ला ‘इच्छे’ने गुणावे आणि ‘प्रमाणा’ने भागावे.

पायरीपायरीच्या या रीतीला बीजगणितात रेखीव रूप दिले ते भास्कराचार्यांनी (जन्म १११४). एकाजवळ ३०० रुपये व सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे पण १०० रुपयांचे ऋण आहे आणि दोघांचे धन सारखे आहे, तर घोड्याची किंमत किती, असे त्यांचे एक उदाहरण आहे. अज्ञात किमतीसाठी ‘या’ (यावत्तावत्) आणि ज्ञात संख्येसाठी ‘रू’ (रूप) लिहून, ऋणसंख्येवर टिंब देऊन ते दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात. दोहोंतून सहा ‘या’ वजा केले आणि ऋण फेडले की चार ‘या’ बरोबर ४०० उरतात, म्हणून किंमत १०० येते, आणि ती घातली असता दोघांचेही धन ९०० भरते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखानुसार त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला, म्हणजे ही रीत शिकवण्याची सोयही खानदेशात झाली. बरोबरीचे आजचे चिन्ह मात्र रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये प्रथम वापरले.

आजही सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आटे कापताना हेच त्रैराशिक उपयोगी पडते. लीड स्क्रूचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, ६ मिलिमीटर असून कामाचा पिच १.५ हवा असेल आणि चालक गिअरला २० दाते असतील, तर चालित गिअरचे दाते क्ष मानून १.५ : ६ = २० : क्ष असे मांडले जाते; त्यावरून १.५ क्ष = १२० आणि क्ष = ८० मिळते. २० ला ८० ने भागून ६ ने गुणले की १.५ परत येतो, आणि हा ताळा जुळल्यावरच गिअर चढवणे शहाणपणाचे, कारण चुकीच्या पिचने कापलेला जॉब भंगारात जातो. पायऱ्या लिहून ठेवण्याचे खरे मोल यातच आहे: उत्तर कोणीही काढलेले असो, त्याची चूक दुसऱ्याला वेळीच शोधता येते.