‘एक्सपेक्टेड’ आला कुठून?

दोन नोडचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर. एक नोड बंद पडला की दुसरा चालू असूनही नवीन व्हर्च्युअल मशीन सुरू करू देत नाही. मग आपण ‘पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १’ टाइप करतो. हा ‘एक्सपेक्टेड’ जुना आहे बरं का! १९८० च्या दशकात डेक कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये ‘एक्सपेक्टेड व्होट्स’ नावाचं सेटिंग होतं. निम्म्याहून जास्त मतं नसली, तर यंत्रं चक्क थांबून राहायची. कारण मधली तार तुटली की दोन्ही बाजूंना वाटतं, समोरचा गेला. मग दोघंही एकाच डिस्कवर लिहितात आणि डेटाची वाट लागते. प्रॉक्समॉक्समध्ये ही मतं कोरोसिंक मोजतं. तुमची कमांड त्याला सांगते, एकच मत पुरे. म्हणून एंटर दाबण्याआधी दुसरा नोड खरंच बंद आहे ना, ते बघा. नुसतं पिंग लागत नाही, एवढ्यावर विसंबू नका.