कल्याणचा पहारा

मुंबईहून शहापूर तालुक्यांत जाणारी आगगाडी कल्याणावरून जाते. मुरबाडच्या माणसासही आगगाडीसाठीं कल्याणच गांठावें लागे. १८९६ सालीं ह्याच वाटेनें एक मोठें भय गांवोगांवीं पोहोंचलें. त्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं गांठीच्या प्लेगचें निदान केलें. दोन वर्षांपूर्वीं हाच रोग हाँगकाँग येथें थैमान घालून गेला होता. थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोकांनीं मुंबई सोडली आणि कोंकणाची व घाटाची वाट धरली.

युरोपही ह्या बातमीनें अस्वस्थ झाला. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाल्यापासून मुंबई बंदर जणूं त्या खंडाच्या दाराशीं येऊन ठेपलें होतें. १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. प्लेगपासून आपलीं बंदरें कशीं राखावीं, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. परदेशांशीं चालणारा व्यापार अडेल ह्या चिंतेनें हिंदुस्थान सरकारनें त्याच फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा केला. कल्याण स्टेशनावर उतारूंना गाडींतून उतरवून त्यांची वैद्यकीय तपासणी होऊं लागली. संशयितांस तेथेंच अडकवून ठेवीत.

परंतु हा सारा पहारा माणसांवर होता. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ ह्यांनीं १८९८ सालीं कराचींत दाखविलें. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा बिनदिक्कत प्रवास करीत असत. पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें प्लेगनें मेलीं; युरोप बहुतांशीं वांचला. दार राखलें गेलें, घर मात्र जळत राहिलें.

१९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली, तरी हा धडा पुरता पचला नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें करोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार तत्काळ जगास कळविला. तेव्हां अनेक राष्ट्रांनीं त्याच देशाच्या प्रवाशांवर बंदी घातली. जो आधीं खरें सांगतो त्यालाच शिक्षा होऊं लागली, तर उद्यां रोग लपविण्याकडेच सर्वांचा कल होईल. मे २०२५ मध्यें त्या संघटनेच्या सभासद राष्ट्रांनीं महासाथीविषयींचा करार जिनिव्हा येथें संमत केला. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर अनोळखी ताप आला, तर त्याची वर्दी देणाऱ्यास आधीं पहारेकरी भेटतो कीं औषध, ह्यावरच त्या कराराची कसोटी लागेल.