चामडे नसलेला ढोल : रायगडच्या नगाऱ्यापासून सॉफ्टवेअरच्या 'किक'पर्यंत (थ्रेड)

महाड तालुक्यातील रायगडावर राजसभेसमोर नगारखान्याचा उंच दरवाजा आजही उभा आहे. नगारा म्हणजे धातूच्या भांड्यावर ताणलेले चामडे. आज त्याच गडाच्या पायथ्याशी मिरवणुकीच्या गाडीवरून जो खोल 'धम्म' छातीवर येऊन आदळतो, त्याला ना कातडे लागते ना टिपरू. लॅपटॉपमधील सॉफ्टवेअर सिंथेसायझरने घडवलेल्या या नादाला 'किक' म्हणतात.

तो घडवण्याची कृती थोडकी आहे. एक साधी साइन लहर घ्यायची. तिची कंपनसंख्या साधारण 200 हर्ट्झवर सुरू करून सेकंदाच्या काही शतांशांत 50 च्या आसपास उतरवायची आणि अर्ध्या सेकंदाच्या आत आवाज विझवायचा. आरंभी काही मिलिसेकंदांची 'टक्' जोडायची. शेवटी किंचित डिस्टॉर्शन, कारण लहान स्पीकरला 50 हर्ट्झ पेलत नाही. पण वरचे स्वरांश कानी पडले की मूळचा खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो.

स्वर खाली का उतरवायचा? उत्तर चामड्यात आहे. जोराचा आघात होताच पडदा क्षणभर अधिक ताणला जातो, स्वर चढतो आणि लगेच मूळ जागी येतो. कान पिढ्यान् पिढ्या हेच ऐकत आले. म्हणून यंत्रालाही ती घसरण शिकवावी लागते. (साध्या गोल पडद्याचे स्वरांश मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 पट असे बेसूर पडतात. शाईमुळे मृदंग-तबल्यात ते सुरेल कसे होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये सहलेखकासह मांडले. किकला त्या शाईचीही गरज नाही.)

1980 साली जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-808 आले. त्यातील किक विद्युत्मंडलातून जन्मे. अवघ्या दोन वर्षांत, 1982 मध्ये, चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत हेच यंत्र वापरून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या 'ॲसिड हाउस'आधीचा हा नाद ऐकून पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. पुढे 808 चे मंडल सॉफ्टवेअरमध्ये उतरले आणि किक कोणाच्याही संगणकावर आली.

आता त्या कातड्याकडे वळू. गावगाड्यात मेलेले जनावर ओढणे, कातडे कमावणे, वाद्य वाजवणे ही कामे जातीजातींना नेमून दिलेली होती. वाद्याच्या कौतुकात हा भाग बहुधा गाळला जातो. 19-20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. 20 तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाची वेठ मोडण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. मेलेली ढोरे ओढण्यास नकार देणे सोपे नव्हते. त्याची किंमत गावोगावी बहिष्काराने मोजावी लागली.

म्हणूनच जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीताखाली वाजणाऱ्या किककडे केवळ 'डीजेचा धिंगाणा' म्हणून पाहणे इतिहासाला धरून नाही. आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न खराच आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री 10 नंतर सर्वांनाच लागू होतात. पण 'पारंपरिक वाद्ये परत आणा' म्हणताना ती वाद्ये कोणाच्या माथी मारलेल्या कामातून बनत होती, हेही विचारावे लागते.

चामड्याचा ढोल मात्र संपलेला नाही. शिमग्याच्या पालखीपुढे पोलादपूरकडे तो आजही घुमतो. गणपतीत पाऊस लागला की कातडे सैल पडते, स्वर उतरतो आणि वादक जाळ करून ढोल शेकतात. सॉफ्टवेअरचे 50 हर्ट्झ भर पावसातही 50 च राहतात.