तणसातलं मीठ आणि ३०४ स्टेनलेस स्टील

भंडारा-तुमसर पट्ट्यातली उसना तांदूळ करणारी राइस मिल तुम्ही पाहिली असेल, तर तिथला तूस जाळणारा बॉयलरही पाहिला असेल. १० बार दाबाची वाफ जेमतेम १८० अंश सेल्सिअसची, त्यामुळे नळीचा धातूही फारसा तापत नाही. साधं कार्बन स्टील तिथे चालून जातं. पण वीज करायची म्हटलं की वाफ ५०० अंशांच्या वर न्यावी लागते. त्यात तुसाऐवजी तणस घातलं, तर स्टेनलेस स्टीलसुद्धा खाल्लं जातं. असं का होतं, हे कळायला साठ वर्षं लागली. या विषयात पीएचडी करायचा विचार असेल, तर आधी हा इतिहास वाचा, मग पेपर.

सुरुवात कोळशापासून. अमेरिकेत काही बॉयलरच्या भट्टीच्या भिंतीतल्या नळ्या बाहेरून झिजून पातळ होत होत्या. रीड, कोरी आणि क्रॉस यांनी १९४५ साली दाखवलं की दोष नळीवर बसलेल्या सोडियम-पोटॅशियमच्या सल्फेटांचा आणि सल्फर ट्रायऑक्साइडचा आहे. पुढे गॅस टर्बाइनमध्ये हाच शत्रू भेटला: हवेतलं समुद्री मीठ, इंधनातला गंधक आणि त्यातून तयार झालेलं सोडियम सल्फेट. ते ८८४ अंशांना वितळतं. वितळलेलं सल्फेट धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतं, ही मांडणी गोबेल आणि पेटिट यांनी १९७० मध्ये निकेलवर प्रयोग करून केली. मांडणी इतकी पक्की होती, की ‘मीठ वितळलं का?’ हाच पहिला प्रश्न झाला.

मग डेन्मार्क. १९९३ च्या राजकीय करारानुसार तिथल्या वीजकेंद्रांना गव्हा-बार्लीचं काड मोठ्या प्रमाणावर जाळावं लागलं. काडात पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही असतात, म्हणून नळीवर पोटॅशियम क्लोराइड बसतं. ते वितळतं ७७० अंशांना. नळ्या मात्र त्याच्या कितीतरी खाली खराब होत होत्या! काही ठिकाणी लोखंडाच्या क्लोराइडशी मिसळून कमी तापमानाला वितळणारं मिश्रण तयार होतं, हे खरं. पण गोटेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटाने २००५-०६ च्या सुमारास ३०४एल स्टीलवर ६०० अंशांना केलेले प्रयोग बघा. तिथे पोटॅशियम क्लोराइडने क्रोमियम ऑक्साइडशीच अभिक्रिया करून पोटॅशियम क्रोमेट बनवलं. स्टेनलेस स्टीलचं सगळं संरक्षण त्या १८ टक्के क्रोमियमवर उभं. वरच्या थरातून तेच निघून गेलं, की उरतो लोखंडाचा भुसभुशीत ऑक्साइड. यासाठी मीठ वितळायची गरजच नाही.

आणि आता गंमत. पोटॅशियम सल्फेट त्याच तापमानाला क्रोमियमशी असं वागत नाही. म्हणजे १९४५ चा खलनायक गंधक इथे कामाला येतो: तो क्लोराइडचं सल्फेट करतो, आणि क्लोरीन वायूबरोबर धुराड्यातून निघून जातो. आपला कोळसा गंधकात गरीब असला तरी राखेत श्रीमंत आहे, आणि राखेतली माती पोटॅशियम धरून ठेवते. म्हणून कोळशात थोडं तणस मिसळणं आणि नुसतं तणस जाळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केंद्राच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना ५ टक्क्यांपासून जैवइंधन मिसळायला सांगितलं. भंडाऱ्याशेजारी मौद्याला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल संच आहेत, म्हणजे आपल्यासाठी हा प्रश्न कागदावरचा नाही. निव्वळ तणसावर चालणारं छोटं केंद्र काढायचं, तर डेन्मार्कच्या एनस्टेडसारखं करता येईल. तिथे काडाच्या बॉयलरमध्ये वाफ ४७० अंशांपर्यंतच तापवत, आणि पुढे ५४२ पर्यंत लाकडाच्या चिपांवर नेत, कारण लाकडात क्लोरीन कमी.

संशोधनाला विषय हवा असेल, तर माझ्या मते तो धानाच्या बांधीतच पडलेला आहे. शेतकरी टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच, नळीवर बसतं तेच मीठ. ते पावसाने धुतलं जातं. डेन्मार्कमध्ये पावसात भिजलेल्या करड्या काडाला म्हणूनच पसंती असते. आपला खरिपाचा धान कापला जातो तेव्हा पाऊस सरलेला असतो. उन्हाळी धानाचं तणस मात्र मे महिन्यात शेतात असतं आणि जूनमध्ये भिजू शकतं. दोन्ही हंगामांच्या तणसातलं क्लोरीन मोजा आणि त्या राखेखाली ३०४ चे तुकडे ६०० अंशांना ठेवून बघा. पहिल्या वर्षात एवढं होऊ शकतं.