कफनिःसारणाचा उपचार : हडपसर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

हडपसर हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने दि. २५ ऑक्टोबर १८०२ च्या लढाईमुळे परिचित आहे. यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या व शिंद्यांच्या संयुक्त फौजेचा येथे पराभव केला आणि त्याच वर्षअखेरीस वसईचा तह झाला. लढायांचा इतिहास आपल्याकडे विपुल लिहिला गेला. आजारपणाचा आणि शुश्रूषेचा मात्र अपवादानेच. मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस व भाजीपाला पिकविणारे हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांचे व पुढे दाट वस्तीचे उपनगर बनले. चुलीचा धूर, विडीकाडी, कामावरील धूळ आणि बऱ्या झालेल्या क्षयाने मागे ठेवलेली जीर्ण फुप्फुसे यांतून उद्भवणारा जुनाट खोकला व साचणारा कफ अशा वस्तीला नवा नाही. हा कफ बाहेर काढण्यासाठी असलेल्या छातीच्या भौतिकोपचारास, म्हणजे फिजिओथेरपीस, मूलतः एक खाट, दोन उशा आणि प्रशिक्षित हात एवढेच लागते. इतका अल्पखर्चाचा उपचार गरजू रुग्णापर्यंत पोहोचण्यास विलंब का लागला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्राचीन विचार आणि त्याची मर्यादा

कफ आधी सैल करावा व मग बाहेर काढावा, हा क्रम चरकसंहितेतील हिक्का-श्वासचिकित्सेच्या अध्यायात स्पष्टपणे आढळतो. रुग्णाच्या छातीस मीठ घातलेले तेल चोळावे, शेक द्यावा, स्रोतसांत घट्ट झालेला कफ विरघळू द्यावा आणि त्यानंतर वमन द्यावे, असा तो विधी आहे. हडपसर येथेच सुमतीभाई शाह आयुर्वेद महाविद्यालय असल्याने हा विचार या परिसरात केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. हठयोगाच्या षट्कर्मांतील कपालभाती हीदेखील कफदोष दूर करणारी क्रिया म्हणून वर्णिली गेली. पुणे जिल्ह्यातच, लोणावळा येथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना केली आणि यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला.

तथापि साम्य म्हणजे वंशपरंपरा नव्हे. आधुनिक उरोभौतिकोपचार चरकातून निघाला असे मानण्यास आधार नाही. वमनाने जठर रिकामे होते. श्वासनलिकेच्या कोणत्या शाखेत कफ साचला आहे, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. नेमक्या याच प्रश्नातून आधुनिक पद्धतीचा उगम झाला.

लंडनमधील आरंभ

विल्यम युअर्ट या लंडनच्या वैद्यकाने १९०१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांवर शरीरस्थिती व श्वसनाच्या व्यायामाने करावयाचा उपचार मांडला. पहिल्या महायुद्धात छातीस जखमा झालेल्या सैनिकांना श्वसनाचे व्यायाम दिले जाऊ लागले. १९३० नंतरच्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात या उपचाराला निश्चित रूप आले. फुप्फुसाचा जो खंड बाधित असेल तो वर राहील अशा रीतीने रुग्णास निजवावयाचे. खालच्या खंडांसाठी खाटेचे पायथे सुमारे ४५ सेंटिमीटर उचलावयाचे. ओंजळीसारख्या पोकळ तळव्याने छातीवर थापट्या द्यावयाच्या आणि रुग्णास खोकावयास सांगावयाचे, असा हा विधी होता.

पोलिओ, पिंपरी आणि क्षयरुग्ण

महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे शिक्षण आले ते फुप्फुसांसाठी नव्हे, तर पोलिओसाठी. मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली भौतिकोपचार शाळा सुरू झाली. पोलिओत श्वसनाचे स्नायूही लुळे पडत, त्यामुळे छातीची निगा या शास्त्राला परकी नव्हती. परंतु लोकांच्या मनात हा उपचार हातापायांचा, हाडामोडीचा म्हणूनच रुजला, आणि बव्हंशी तो आजही तसाच आहे.

याच सुमारास दुसरी घडामोड झाली. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारा क्षयरुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे त्याने सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला. मिरजेजवळील वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांचे युग त्यानंतर ओसरले. हा निर्णय योग्यच होता. लक्षावधी गरिबांना आरोग्यधामाची खाट कधीच मिळाली नसती. मात्र जंतू मेले तरी रुंदावलेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत. थुंकी निर्दोष ठरली की रुग्णाचे नाव नोंदवहीतून ‘बरा’ म्हणून कमी होई आणि तो कफ उरात घेऊन घरी परते. औषध देणारा आरोग्यसेवक त्याला माहीत होता. कोणत्या कुशीवर किती वेळ निजावे हे सांगणारे कोणीच नव्हते.

यात स्त्रियांची भर पडते. २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये, धूम्रपान न करणाऱ्यांनाही श्वासनलिकांचा जुनाट अवरोध जडतो व चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, याकडे लक्ष वेधले. तोवर हा आजार बहुधा विडी ओढणाऱ्या पुरुषाचाच समजला जाई.

बदलते तंत्र

दरम्यान थापट्यांचे महत्त्व घटले आहे. डोके खाली ठेवल्याने दम वाढतो, अन्न घशाशी येते. रक्त पडत असल्यास वा हाडे ठिसूळ असल्यास थापट्या घातक ठरतात. २०१२ च्या एका व्यापक आढाव्यात कफनिःसारणाच्या तंत्रांमुळे जुनाट अवरोधाच्या तीव्र झटक्यात कृत्रिम श्वसनसाहाय्याची गरज काहीशी कमी होते असे दिसले. लाभ माफक होता, आणि उच्छ्वासाला दाब देणाऱ्या साधनांचा त्यातील वाटा अधिक होता.

या संदर्भात न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकात सुचविले गेलेले व १९७९ मध्ये ब्रॉम्प्टनच्या चिकित्सकांनी अभ्यासलेले तंत्र विशेष उल्लेखनीय ठरते. आरशावर वाफ धरावी तसा, घसा उघडा ठेवून जोराचा उच्छ्वास एकदोनदा सोडावयाचा, मग पोटाने शांत श्वास घ्यावयाचा, पुन्हा तेच. थापट्या देणारा दुसरा माणूस त्यास लागत नाही. ज्या घरात सून पहाटे डबे करून कामावर जाते आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेली सासू दिवसभर एकटीच खोकत असते, त्या घरात ही बाब किरकोळ नाही. तिला ते एकदा, समोर बसवून, शिकवावे मात्र लागते.