बर्फाचा नकाशा आणि नगरचा पाऊस

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनचे जे जिल्हे होरपळले, त्यांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) होते. भारतीय हवामान खाते १८७५ साली नुकतेच स्थापन झाले होते. पाऊस का हुकला, हा प्रश्न त्याच्यापुढे आला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी उत्तर बर्फात शोधले. हिमालयात हिमवर्षाव जास्त झाला की पुढचा मोसमी पाऊस उणा पडतो, असे त्यांनी १८८४ मध्ये मांडले. १८८६ पासून अंदाज वर्तवणे सुरूही झाले. १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज निघाला आणि पडला भीषण दुष्काळ! तरीही दूरच्या बर्फाचा आणि आपल्या शिवाराचा संबंध जोडण्याची दृष्टी ब्लॅनफर्ड यांचीच, हे विसरू नये.

पुढे बर्फाचा शोध थेट ध्रुवांपर्यंत गेला. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून निघाली. १९९८ मध्ये तिथेच, वास्कोला, ध्रुवीय संशोधन केंद्र उभे राहिले.

ध्रुवीय समुद्रांचा नकाशा मात्र आकाशातून बनतो. सूक्ष्मलहरी टिपणारे उपग्रह ढगांतून आणि ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीतही बर्फ ओळखतात. अशा अखंड नोंदी १९७८ च्या अखेरीपासून आहेत. त्यांवरून आर्क्टिकमधले सप्टेंबरचे बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आल्याचे दिसते. पण पृष्ठभागाखालचे पाणी उपग्रहाला दिसत नाही. म्हणून जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी स्वालबार्डच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये, १९२ मीटर खोल पाण्यात, ‘इंडआर्क’ ही उपकरणांची माळ सोडली. अटलांटिकचे कोमट पाणी त्या खाडीत किती शिरते, हे ती वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान व क्षारता मोजून सांगते.

याचे नगरला काय? वास्कोच्या केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक संबंध दाखवला: कारा समुद्रातले उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी. अरबी समुद्राची वाढती उष्णताही त्याला हातभार लावते, असे ते म्हणतात. पारनेर-पाथर्डीच्या एखाद्या पावसाचे खापर त्यावरून कारा समुद्रावर फोडता येणार नाही. संशोधन विस्तृत प्रदेशाचे आहे. पण सप्टेंबर म्हणजे बाजरीची कणसे भरण्या-काढण्याचे, कांद्याच्या रोपांचे दिवस. जून-जुलैत आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या याच जिल्ह्यात त्या दिवसांतला मुसळधार पाऊस नकोसा होतो.